दोन बोटं

सकाळी ६ वाजून ५२ मिनिटांनी, जळगावात पिंप्राळ्याजवळ, सर्व्हिस रोडवरून महामार्गावर चढताना ट्रेलर घोड्यावरून निसटला. मागून येणारा मोटारसायकलस्वार जागीच गेला. शेवट एवढाच आहे, म्हणून तो आधीच सांगून टाकतो.

एक खुलासाही आधीच करतो. ही सकाळ, हे यार्ड आणि यातली माणसं मी रचली आहेत. चुका रचलेल्या नाहीत. पुढे येणारे आर्मा आणि पळासनेर हे दोन प्रसंग जसे घडले तसे दिले आहेत.

ज्यांचा ट्रेलरशी संबंध फक्त ओव्हरटेक करण्यापुरता येतो, त्यांच्यासाठी थोडं. पुढच्या, इंजिनाच्या गाडीला चालक ‘घोडा’ म्हणतात. घोड्याच्या पाठीवर ग्रीसने माखलेली एक जाड लोखंडी प्लेट असते आणि तिला मागच्या बाजूने खाच असते. ट्रेलरच्या नाकाखाली एक खुंट असतो, तो किंगपिन. घोडा मागे घ्यायचा, किंगपिन खाचेत शिरतो आणि आतला जबडा त्याच्या मानेभोवती मिटतो. ही मान ५०.८ मिलिमीटर जाडीची. तिच्या खाली सुमारे ७१ मिलिमीटरची टोपी असते, म्हणून मान पकडली की खुंट वर निसटत नाही. एवढ्याशा मानेवर सगळा संसार. इंग्रजीत या प्लेटला ‘पाचवं चाक’ म्हणतात. हे नाव घोडागाडीच्या काळातलं. पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवं कडं बसवायचे, ते पाचवं चाक. आपल्या बैलगाडीला दोनच चाकं, तिला त्याची गरज कधी पडली नाही.

आदली संध्याकाळ, ७:४०

जुलै महिना. ट्रेलर यार्डात येऊन थांबतो. ताडपत्रीखाली हरभरा डाळीच्या ५०० गोण्या, प्रत्येकी ५० किलो, म्हणजे २५ टन माल. ट्रेलरचं स्वतःचं वजन सुमारे ७ टन. माल एरंडोल, पारोळा, धुळे, शिरपूर करत बिजासन घाटाने उत्तरेकडे जायचा आहे.

घोड्याचा क्लच घसरतोय. तो सोडवून गॅरेजला पाठवायचं ठरतं. पहाटे दुसरा घोडा येईल.

संध्याकाळ, ७:५५

घोडा काढून घेतला की ट्रेलरचं नाक पुढच्या दोन लोखंडी पायांवर उभं राहतं. जमीन काळी आणि दुपारच्या पावसाने भिजलेली आहे. अशा मातीत पाय रात्रीतून खचतात, हे खानदेशात कुणाला शिकवावं लागत नाही.

क्लीनर पायांखाली तीन इंची जाड फळी सरकवतो. चालकाला ते दिसत नाही. तो दुसऱ्या बाजूने हँडल फिरवतोय. पाय खचणारच या हिशेबाने तो पाच-सहा फेरे जास्त मारतो आणि नाक वर उचलून ठेवतो.

दोघांनी एकाच धोक्यावर दोन उपाय केले. दोन्ही शहाणपणाचे होते. एकमेकांना त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळ, ८:०५

ट्रेलरच्या हँडब्रेकची केबल तीन महिन्यांपासून ढिली आहे. मागच्या चाकांना दोन दगड लावले जातात. ट्रेलरच्या शेपटाला जी आडवी पट्टी असायला हवी, लहान वाहन खाली घुसू नये म्हणून, ती एका गोदामाच्या धक्क्याला लागून वाकली होती. कापून काढली. पुन्हा वेल्डिंग करून घ्यायची राहिली.

रात्र, ११:३०

पाऊस येत नाही. फळीवरचे पाय खचत नाहीत.

पहाट, ५:१८

दुसरा घोडा आला. तो आणणारा चालक रात्रभर जागा आहे. चावी देताना तो एकच गोष्ट सांगतो, “कपलिंगचा दांडा जरा जड चालतो भो.”

जबडा मिटला की बाजूचा दांडा आपोआप आत जातो आणि पूर्ण आत गेला की समजायचं, पकड बसली. म्हणजे दांडा हा या कामातला पहिला साक्षीदार. त्याची साक्ष पहाटे सव्वापाचला, काम सुरू होण्याआधीच, बाद झाली.

या घोड्याचे मागचे टायर झिजलेले आहेत. त्याची प्लेट कालच्या घोड्यापेक्षा ४ सेंटिमीटरने खाली आहे.

पहाट, ५:२६

चालक प्लेट पाहतो. जबडा उघडा आहे ना, हे तो हात घालून तपासतो. हे त्याने केलं, त्याची नोंद असावी. ग्रीस जुनं आहे, त्यात खडे आणि माती आहे. पुसायला फडकं शोधतो, सापडत नाही.

पहाट, ५:३४

घोडा मागे येतोय. क्लीनर मोबाइलचा उजेड पाडत पत्र्यावर थापा मारतो. येऊ द्या, येऊ द्या.

इथे थांबायचं असतं. ट्रेलरच्या नाकापासून हातभर अंतरावर घोडा उभा करायचा, खाली उतरायचं आणि उंची बघायची. ट्रेलर प्लेटपेक्षा किंचित खाली हवा. मग प्लेटचा उतार त्याला उचलून अंगावर घेतो आणि किंगपिन बरोबर मापात शिरतो. ट्रेलर वर असेल तर खुंटाची फक्त टोपी खाचेत येते, मान वरच राहते.

उतरून पाहायला वीस सेकंद लागतात. आज ट्रेलरचं नाक हवं त्यापेक्षा सात सेंटिमीटर वर आहे.

चालक उतरत नाही. गेली अकरा वर्षं तो गाड्या जोडतोय आणि बहुतेक वेळा न उतरताच जुळतं.

पहाट, ५:३८

खट् असा आवाज येतो. हाच आवाज बरोबर जोडल्यावर येतो. टोपीवर अर्धवट मिटलेला जबडाही असाच वाजतो.

क्लीनर वाकून पाहतो. “उस्ताद, दांडा दोन बोटं बाहेर आहे.”

“तो जडच आहे. चालता चालता बसेल.”

क्लीनर एकोणीस वर्षांचा आहे. या कामावर त्याला चार महिने झाले आहेत. तो पुन्हा म्हणत नाही.

पहाट, ५:४०

खात्रीची दुसरी खूण साधी आहे. बाजूने वाकून प्लेट आणि ट्रेलर यांच्या मधून बघायचं. नीट जोडलं असेल तर दोन्ही लोखंडं एकमेकांवर टेकलेली असतात आणि आरपार उजेड दिसत नाही.

आज आरपार उजेड दिसत नाही. सूर्योदयाला अजून अवकाश आहे आणि आभाळ भरलेलं आहे. यार्डात कुठेच उजेड नाही.

पहाट, ५:४३

ओढून बघणं. ट्रेलरचे ब्रेक लावून, पहिल्या गिअरमध्ये घोडा हलकेच पुढे ओढायचा, तोही दोनदा. नीट जोडलं नसेल तर बहुधा इथे सुटतं.

चालक एकदा ओढतो. घोडा हिसका खाऊन थांबतो. टोपी जबड्याच्या कडेला अडकली आहे आणि तेवढ्या ओढीला ती धरून राहते. चाचणी झाली, असं दोघांच्याही मनात बसतं. मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच वाटते. चाचणी न करणाऱ्याच्या मनात निदान शंका तरी उरते.

पहाट, ५:४७

लाल पाइप, पिवळा पाइप, दिव्यांची केबल. लाल पाइपातून ट्रेलरच्या टाकीत हवा जाते, पिवळ्यातून ब्रेकचा हुकूम जातो. लाल पाइप तुटला की ट्रेलरचे ब्रेक आपोआप आवळले जातात. हे लक्षात ठेवायचं, पुढे लागणार आहे.

दांडा आत गेल्यावर त्याच्या भोकात एक क्लिप घालायची असते, म्हणजे तो धक्क्याने बाहेर येत नाही. दांडा दोन बोटं बाहेर आहे, त्यामुळे भोक समोर येत नाही. क्लिप जात नाही. क्लीनर ती पडू नये म्हणून खिशात ठेवतो.

पहाट, ५:५१

पाय वर घेतले. नाक थोडं खाली बसतं आणि अडतं. सुमारे दहा टनांचा भार आता खुंटाच्या टोपीवर आणि अर्धवट मिटलेल्या जबड्यावर आहे.

पहाट, ५:५५

क्लीनर मागच्या चाकांचे दगड काढतो.

पिंप्राळ्याला आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो आणि जळगावात कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा. दोन्ही रथांना ब्रेक नाही. चाकाखाली लाकडाची मोगरी सारून रथ थांबवतात, मोगरीनेच वळवतात. मोगरी लावणारा माणूस चाकाच्या इतका जवळ असतो की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण ते काम ठरलेल्या हातांत असतं, त्यांनी ते थोरांकडून शिकलेलं असतं आणि मोगरी पडेपर्यंत दोर ओढणारे थांबत नाहीत की घाईही करत नाहीत. ब्रेक नसलेलं ते चाक गर्दीतून जातं, कारण आपल्याकडे ब्रेक नाही हे तिथे प्रत्येकाला ठाऊक असतं.

दगडावर भरवसा ठेवल्याची एक सविस्तर नोंदवली गेलेली गोष्ट आयर्लंडमधली आहे. तीही जोडणीचीच.

आर्मा, १२ जून १८८९, सकाळी १०:००

मेथडिस्ट चर्चच्या रविवारच्या शाळेची सहल आर्मा स्थानकातून समुद्रकाठच्या वॉरनपॉइंटला निघायची आहे. गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त झाली, सुमारे ९४० माणसं आणि त्यात मुलं पुष्कळ. डबे वाढवून पंधरा केले जातात. इंजिनचालक थॉमस मॅकग्राथ हरकत घेतो, की एवढे डबे घ्यायचं त्याला सांगितलेलं नव्हतं. स्टेशनमास्तर जॉन फॉस्टरशी शब्दाला शब्द वाढतो. मागून सुटणाऱ्या नेहमीच्या गाडीच्या इंजिनाची चढावर मदत घ्यावी अशी सूचना नंतर येते, तेव्हा मॅकग्राथच नको म्हणतो. राग त्याच्याच अंगावर उलटला, असं चौकशीचा अहवाल वाचताना वाटत राहतं.

१०:१५

गाडी सुटते. डब्यांची दारं बाहेरून कुलूपबंद. पुढे सुमारे पाच किलोमीटरचा चढ आहे, बऱ्याच भागात दर ७५ फुटांना एक फूट. मार्ग एकेरी आहे. दोन गाड्यांत अंतर घड्याळाने ठेवलं जातं. वीस मिनिटं झाली की मागची गाडी सोडायची, पुढची कुठे पोहोचली हे कळायची सोय नाही.

साडेदहाच्या सुमारास

माथा जेमतेम दीडदोनशे मीटरवर असताना गाडी थांबते. सहलीची जबाबदारी जेम्स इलियट या रेल्वेच्या कारकुनावर आहे. तो ठरवतो की गाडी तोडायची. पुढचे पाच डबे इंजिनाने पलीकडे न्यायचे, मागचे दहा इथेच उभे ठेवायचे.

गाडीला ब्रेक आहेत, पण साध्या व्हॅक्यूमचे. इंजिनाशी जोडलेले आहेत तोवरच ते चालतात. कपलिंग सोडलं की मागच्या दहा डब्यांना ब्रेक असा उरतच नाही. शेवटच्या डब्यातला गार्डचा हँडब्रेक तेवढा राहतो. हवा गेली की आपोआप लागणारा ब्रेक जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८७२ मध्येच काढला होता. या गाडीला तो नव्हता.

सहाव्या डब्याच्या चाकांखाली दगड ठेवले जातात.

१०:३५

आर्माहून नेहमीची गाडी वेळेवर सुटते.

त्यानंतर काही मिनिटं

पाचव्या आणि सहाव्या डब्यांमधलं कपलिंग सोडलं. पुढे निघण्याआधी इंजिन फूटभर मागे आलं. पुढच्या डब्यांचा धक्का मागच्यांना लागला आणि दगड चाकांखाली भरडले गेले.

दहा डबे उताराला लागले. गार्ड हँडब्रेक पिळत होता. खाली उतरलेले गाडीवरचे कर्मचारी पळत पळत आणखी दगड टाकत होते आणि कपलिंग पुन्हा जोडायचा प्रयत्न झाला. दारं कुलूपबंद होती. सुमारे अडीच किलोमीटर उतरून, ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास वेगाने, ते डबे खालून येणाऱ्या गाडीवर आदळले. खालच्या गाडीच्या चालकाला ते दिसले होते. त्याने वेग जवळजवळ संपवला होता.

सुमारे ८० माणसं गेली, २६० जखमी झाली. चौकशी करणारे मेजर जनरल हचिन्सन यांनी तशीच गाडी पुन्हा त्याच चढावर चालवून पाहिली. ती चढली. ३० ऑगस्टला ब्रिटिश संसदेचा कायदा आला. प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे झाले. तुटलं तर थांबलं पाहिजे. लाल पाइप त्याच तत्त्वाचा वारस आहे.

पिंप्राळा, सकाळी ६:१०

चहा. बाकावर दुसऱ्या दोन गाड्यांचे चालक आहेत. घाट किती वाजता लागेल, याचं बोलणं निघतं. बिजासन म्हटलं की पळासनेर निघतंच.

४ जुलै २०२३, मंगळवार. मुंबई-आग्रा महामार्गावर, शिरपूर तालुक्यातलं पळासनेर. सकाळी पावणेअकराच्या सुमारास मध्य प्रदेशाकडून घाट उतरून धुळ्याच्या दिशेने आलेला कंटेनर दोन मोटारसायकली, एक कार आणि पुढच्या एका कंटेनरला धडकत थांब्याजवळच्या हॉटेलात शिरला आणि उलटला. थांब्यावर बसची वाट पाहणारी माणसंही त्याखाली आली. किमान १० मृत, २० हून अधिक जखमी. कारण म्हणून ब्रेक निकामी झाल्याचं सांगितलं गेलं.

‘निकामी’ हा शब्द एका क्षणाचा वाटतो. हिशेब वेगळा आहे. ४० टनांची गाडी १०० मीटर खाली उतरली की जेवढी उष्णता निघते, तेवढ्यात सव्वाशे लिटर पाणी उकळतं. ती उष्णता इंजिनाने, म्हणजे खालच्या गिअरने, वाटून घेतली नाही तर सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. ड्रम तापून फुगतो, अस्तराची पकड विरते, पाय पेडलवर दाबलेलाच असतो आणि गाडी ऐकत नाही. अशा वेळी गिअर कुठला होता हे माथ्यावर ठरलेलं असतं.

बाकावरचा एकजण म्हणतो, “घाटात दुसऱ्यावर टाकायची आणि पाय काढून घ्यायचा.” चालक मान हलवतो. त्याला हे माहीत आहे. घाटात तो चुकत नाही.

सकाळी ६:१८

यार्डापासून थोड्या अंतरावरच्या वस्तीतून एक माणूस मोटारसायकल काढतो. मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. रोज सहाला निघतो, आज एक कॅन धुवायचा राहिला होता.

सकाळी ६:३०

उजाडलं आहे. चहाच्या बाकावर बसलं की समोर ट्रेलर आडवा दिसतो. घोड्याची प्लेट आणि ट्रेलरचं नाक यांच्या मधोमध, ग्रीसच्या काळ्या ओळीवर, उजेडाची एक बारीक पट्टी आहे. जाडी बोटभर. पलीकडची कुंपणाची भिंत तिच्यातून दिसते.

बाकावर तिघं बसले आहेत. तिघंही मोबाइल बघतायत.

सकाळी ६:३८

इंजिन सुरू. हवेचा दाब चढू लागतो, काटा आठाकडे सरकतो, कमी दाबाचा बझर बंद होतो. दिवे लागतात. क्लीनर मागे जाऊन इंडिकेटर बघून येतो. जे डॅशबोर्डवर दिसतं ते सगळं ठीक आहे. जबड्याचा काटा डॅशबोर्डवर नाही.

सकाळी ६:४६

यार्डाच्या फाटकाशी पावसाच्या पाण्याचा चर आहे. घोड्याची चाकं त्यात उतरून वर येतात तेव्हा मागून ठक् असा आवाज होतो. चालक आरशात बघतो. ट्रेलर मागे सरळ येतोय.

क्लीनरचा हात खिशावर जातो. क्लिप टोचते म्हणून तो ती काढून डॅशबोर्डवर ठेवतो.

चर ओलांडताना नाक वर उचललं गेलं आणि टोपी जबड्यातून आणखी अर्धा इंच वर आली. आता ती कडेवर आहे.

सकाळी ६:५०

सर्व्हिस रोड. वेग ताशी २० किलोमीटर. पुढे उजव्या हाताला महामार्गावर चढायची चिंचोळी जागा, तिथून खोटेनगर आणि मग बांभोरीचा गिरणेवरचा पूल. चढ फार नाही, दोन-तीन फुटांचा. पण रस्ता आणि महामार्ग यांच्या सांध्यावर डांबराची एक वरंडी उठली आहे.

सकाळी ६:५१

दुधाची मोटारसायकल ट्रेलरच्या मागे येते. वेग ताशी ३०, वरंडीपाशी मधलं अंतर आठ मीटर उरणार आहे. ओव्हरटेक करायला जागा नाही. तो मागे राहतो, म्हणजे बरोबर वागतो.

सकाळी ६:५२

घोड्याची मागची चाकं वरंडीवर चढतात. चालक चढासाठी रेस देतो. प्लेटचा मागचा भाग खाली झुकतो आणि खुंट मोकळा होतो.

पहिला सेकंद: घोडा हलका होऊन पुढे झेपावतो. ट्रेलरचं नाक प्लेटवरून घासत मागे येतं.

याच सेकंदात लाल पाइप ताणून तुटतो. आर्मापासून माणूस जे शिकला ते इथे अगदी बरोबर चालतं आणि ट्रेलरचे ब्रेक आवळले जातात.

दुसरा सेकंद: नाक प्लेटवरून सुटून सव्वा फूट खाली येतं. वर घेतलेले दोन पाय डांबरात रुततात आणि वाकतात. ३२ टन चार मीटरच्या आत थांबतात.

समोर काही अचानक घडलं तर ते दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत माणसाला साधारण दीड सेकंद लागतो. ताशी ३० वेगाने दीड सेकंदात साडेबारा मीटर जातात. मध्ये आठ मीटर होते, ट्रेलर सरकला ते चार, एकूण बारा.

शेपटाला आडवी पट्टी नव्हती.

सकाळी ६:५३

घोडा वीस मीटर पुढे जाऊन थांबला. चालक उतरतो तेव्हा त्याला वाटतं, पाइप तुटला. तो आधी पाइपच बघतो. क्लीनर ट्रेलरच्या मागे पोहोचलेला असतो. दूध उतारावरून सर्व्हिस रोडकडे वाहत येतंय.

सकाळी ७:२०

बघ्यांची गर्दी. कुणीतरी जबड्यात टॉर्च मारतो. जबडा अर्धवट मिटलेला, त्याच्या कडेवर घासल्याची चकचकीत खूण. दांडा दोन बोटं बाहेर.

सकाळी ८:०५

यार्डात दुसरा ट्रेलर येतो. रिकाम्या जागेत तीन इंची फळी पडलेली आहे, तिच्यावर लोखंडी पायांचे दोन चौकोनी ठसे. चिखल कोरडा आहे. फळी चांगली आहे म्हणून उचलून बाजूला ठेवली जाते.

सकाळी ९:४०

पंचनामा. जागेचं वर्णन, रस्त्याची रुंदी, दुचाकीची स्थिती, दोन ॲल्युमिनियमचे कॅन. कारणाच्या रकान्यात: चालकाचा ताबा सुटल्याने.

घटनेची वेळ: सकाळी ६ वाजून ५२ मिनिटे.